आम्हाला न विचारता आमची फाइल उघडणारे तुम्ही कोण?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत बसणारा एक मुलगा हातात पाच-सहा छापील पाने घेऊन आला. बँकेची पूर्वपरीक्षा तो पास झाला होता, मुख्य परीक्षा तोंडावर होती. रुजू होताना सिबिलसुद्धा बघतात, आधीच काढून ठेव, असे क्लासमधल्या मित्राने सांगितले म्हणून त्याने अहवाल काढला. कर्जाचे खाते एकच, मोबाइलचे, आणि त्याचे सगळे हप्ते वेळेवर गेलेले. पण शेवटच्या पानावर 'एन्क्वायरी' या मथळ्याखाली अकरा नोंदी होत्या. म्हणजे सव्वा वर्षात अकरा वेळा कुठल्या ना कुठल्या बँकेने किंवा वित्त कंपनीने, हा आपल्याकडे कर्ज मागतो आहे असे दाखवून, त्याची फाइल उघडली होती.

"दादा, मी एवढ्या ठिकाणी अर्जच केला नाही. हे कोण लोक आहेत?"

त्याला दोन नोंदी आठवत होत्या. उरलेल्या नऊ कोणाच्या, याचा माग काढायला आम्हाला तीन महिने लागले.

या तीन महिन्यांत आम्ही दोन माणसांना सल्ला विचारला. एक बँकेत नोकरी करणारे ओळखीचे गृहस्थ. ते म्हणाले, "सोडून द्या हो, सगळ्यांच्याच अहवालात असलं असतं, सिस्टीम आपोआप टाकते." दुसरे आपलेच, चळवळीत तीस वर्षे काढलेले ज्येष्ठ. ते म्हणाले, "हा ज्याच्या त्याच्या पैशाचा प्रश्न आहे, यात चळवळीने कशाला पडायचं?" दोघांबद्दल आम्हाला आदर आहे. दोघेही चुकतात, आणि ते कुठे चुकतात हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी या व्यवस्थेची ओळख करून घेऊ, कारण आपल्यातले पुष्कळ जण सिबिलला सरकारी कचेरी समजतात. ती खासगी कंपनी आहे. २००० साली स्थापन झाली आणि आज तिची बहुतांश मालकी अमेरिकेच्या ट्रान्सयुनियन समूहाकडे आहे. तिच्यासारख्या आणखी तीन कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे : एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. तुम्ही घेतलेले प्रत्येक कर्ज, भरलेला आणि चुकलेला प्रत्येक हप्ता बँका या चौघींना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो. तुम्ही नवे कर्ज मागितले की देणारा ही फाइल मागवतो, आणि त्याने मागवली याचीही नोंद फाइलमध्ये होते : कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रकारच्या आणि किती रकमेच्या कर्जासाठी. हीच ती एन्क्वायरी. आपला अहवाल आपण स्वतः कितीही वेळा पाहिला तरी आकडा हलत नाही. कर्ज देणाऱ्याने पाहिला तर हलतो. थोड्या काळात अशा नोंदी दाटीने आल्या की आकडा घसरतो, कारण हिशेब असा मांडलेला आहे की जो दारोदार कर्ज मागत फिरतो तो अडचणीत असणार, त्याला पैसे देणे धोक्याचे.

इथेच आम्हाला पहिला प्रश्न विचारायचा आहे. दारोदार कोणाला फिरावे लागते?

"स्कोअरला जात कळत नाही" हे वाक्य आम्ही बँकेच्या मेळाव्यांत, टीव्हीवर, अगदी आपल्या इंजिनिअर मित्रांच्या तोंडूनही ऐकले आहे. खरे आहे, अर्जात जातीचा रकाना नाही. पण ज्याच्या बापाची ठेव त्याच बँकेत आहे, ज्याचे घर स्वतःच्या नावावर आहे, ज्याचा मामा शाखाधिकाऱ्याला नावाने हाक मारतो, त्याचे काम एका अर्जात होते. त्याच्या फाइलवर एक एन्क्वायरी. आपल्या पोराला पहिली बँक तारण मागते, दुसरी जामीनदार मागते, तिसरी "महामंडळाची प्रकरणं सध्या घेत नाही" म्हणते, चौथा दलाल दोन हजार घेऊन अर्ज पाठवतो. त्याच्या फाइलवर चार एन्क्वायऱ्या आणि हातात शून्य. पुढचा अधिकारी त्या चार नोंदी बघतो आणि मान हलवतो. नकार मिळाला म्हणून फिरलो, फिरलो म्हणून नकार मिळाला. महात्मा फुले महामंडळाच्या बीजभांडवलासाठी बँकांचे उंबरे झिजवलेल्या कोणालाही विचारा, ते हे चक्र तुमच्यापेक्षा चांगले समजावतील.

त्यात आपल्या घरातली एक गोष्ट आहे, जी मुंबईच्या काचेच्या इमारतीत बसून कळणार नाही. आपल्या आईबापांची जन्मतारीख बघा. १ जून. शेजारच्या काकांची? १ जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजे टाकलेली तारीख पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कागदांवर बसली आहे. आता आडनावे घ्या : कांबळे, गायकवाड, जाधव, वाघमारे, साळवे. नावे घ्या : भीमराव, सिद्धार्थ, मिलिंद, राहुल. एकाच जिल्ह्यात एकाच नावाची, एकाच तारखेची किती माणसे निघतील? फाइली जुळवताना नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, पॅन हे सगळे बघतात. पण जिथे पॅन चुकीचा टाकला किंवा टाकलाच नाही तिथे एकाची नोंद दुसऱ्याच्या फाइलमध्ये शिरायला कितीसा वेळ लागतो? ज्यांच्या घरी जन्माची नोंद दवाखान्याने घड्याळ बघून केली त्यांना ही अडचण सहसा येत नाही.

आता नोकरीचे. भारतीय स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातींत स्पष्ट लिहिलेले असते की कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकवल्याची नोंद असलेला, सिबिलचा प्रतिकूल अहवाल असलेला उमेदवार नेमणुकीस पात्र नाही. आयबीपीएसच्या जाहिरातींतही पतइतिहास चांगला राखण्याची अट आली आहे. आपली हजारो मुले-मुली या परीक्षांच्या मागे आयुष्याची उमेदीची वर्षे घालतात. आम्ही भीती घालत नाही : केवळ एन्क्वायरी आहे म्हणून कोणाची नेमणूक जात नाही. पण न ओळखता येणारी एन्क्वायरी हे पावलाचे ठसे असतात. कोणीतरी तुमच्या नावाने कर्ज मागून बघितले. आज नाकारले गेले, उद्या दुसरीकडे मंजूर होईल, परवा थकेल. आणि नेमणुकीच्या दिवशी तुमच्यासमोर ते 'तुमचे' थकलेले कर्ज म्हणून ठेवले जाईल. राखीव जागेवर हक्काने बसायला निघालेल्या मुलाला कोणत्या तरी अॅपवरच्या पाच हजारांच्या बोगस कर्जासाठी ना-हरकत दाखला मिळवत फिरावे लागेल. हा "ज्याच्या त्याच्या पैशाचा प्रश्न" आहे काय?

आमच्या त्या ज्येष्ठांना आम्ही १८७५ ची आठवण करून दिली. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले आणि सावकारांच्या घरांतून त्यांनी काय बाहेर काढले? कर्जरोखे. खते. कागद. ते जाळले. आपल्या नावापुढे काय लिहिले आहे हे आपल्याला वाचता येत नाही, आणि त्याच कागदावर आपली जमीन जाते, हे त्यांना कळले होते. जोतीरावांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा सावकार आणि कारकून मिळून अडाणी शेतकऱ्याला कागदात कसे गुंडाळतात याची चिरफाड केली. आज आपण वाचू शकतो. पण आपली चोपडी ठेवली आहे कुठे? कुठल्याशा सर्व्हरवर. तिथे कोण येतो, कोण बघतो, काय लिहून जातो, हे आपल्याला रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात कळते. सुप्याच्या लोकांना निदान सावकाराचे घर माहीत होते.

आता त्या अकरा नोंदींकडे वळू. सगळेच कारस्थान आहे असे आम्ही म्हणणार नाही, कारण तसे नव्हते.

दोन नोंदी त्याच्या स्वतःच्या. चार नोंदी एकाच दिवसाच्या निघाल्या, तारीख जुळवल्यावर कळले : त्या दिवशी तो मोबाइलच्या दुकानात गेला होता. काउंटरवरचा मुलगा म्हणाला होता, "पॅन सांगा, स्कीम बसते का बघतो," आणि फोनवर आलेले ओटीपी त्याने एकामागून एक वाचून दाखवले होते. त्याला वाटले एकच अर्ज चालू आहे. प्रत्यक्षात चार कंपन्यांना अर्ज गेले, तिघींनी नाकारले, चौथीने फोन दिला. दोन नोंदी रात्री कुतूहलाने उतरवलेल्या कर्जाच्या अॅपच्या होत्या. "तुम्ही किती कर्जाला पात्र आहात ते पाहा" यावर त्याने बोट ठेवले होते. अॅपचे नाव एक आणि अहवालातले नाव दुसरेच, कारण अॅपच्या पाठीमागे पैसे देणारी कंपनी वेगळी असते आणि एन्क्वायरी तिच्या नावाने पडते. म्हणून अनोळखी नाव दिसले की आधी हे बघा : दुकान, अॅप, क्रेडिट कार्ड विकायला मॉलच्या दारात उभा असलेला मुलगा. एक नोंद आईच्या बचत गटाची निघाली. सूक्ष्म वित्त कंपनीच्या साहेबाने "घरातल्या सगळ्यांचे कागद द्या" म्हणून त्याचेही पॅन नेले होते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशी कंपनी नवरा, बायको आणि अविवाहित मुले मिळून घराचे उत्पन्न आणि कर्ज बघते. पण त्या पोराला कोणी विचारले? आईला तरी सांगितले का की तुझ्या मुलाची फाइल उघडणार आहोत?

उरल्या दोन. एक दुचाकीच्या कर्जाची, एक वैयक्तिक कर्जाची. दोन्ही कंपन्यांची नावे त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. दुचाकी तर घरात कोणाकडेच नाही.

त्या काउंटरवरच्या ओटीपीबद्दल आम्हाला जास्त बोलायचे आहे, कारण खरा वाद तिथे आहे. बँकवाले म्हणतात, ओटीपी दिला म्हणजे संमती दिली, आता ओरडू नका. आम्ही विचारतो, संमती कशाला दिली? त्या मुलाने फोनच्या हप्त्याला संमती दिली. चार कंपन्यांनी फाइल उघडायला दिली नाही. इंग्रजीतल्या सहा ओळींच्या मेसेजच्या शेवटी बारीक अक्षरात 'अटी मान्य' असते आणि मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली असते. अंगठा कागदावर टेकवून घेतला म्हणजे खत खरे झाले, हे सावकाराचे म्हणणे होते. तोच अंगठा आता सहा आकड्यांचा झाला आहे.

आणि कायदा त्यांच्या बाजूने आहे असे समजू नका. क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज (रेग्युलेशन) अॅक्ट, २००५ हा या सगळ्या धंद्याचा मूळ कायदा. त्याचे कलम २२ सांगते की कायद्याने अधिकार दिल्याशिवाय कोणीही कोणाची पतमाहिती मिळवू शकत नाही. मिळवली तर प्रत्येक गुन्ह्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि चालूच ठेवली तर पुढे रोज दहा हजारांपर्यंत. शिवाय अशी बेकायदा मिळवलेली माहिती कोणत्याही कामासाठी विचारात घ्यायची नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो संविधानाच्या २१ व्या कलमातून. आपण २१ वे कलम पोलीस कोठडीपुरते वाचतो. ते आपल्या पॅन कार्डालाही लागू आहे.

मग अडते कुठे? पुराव्याच्या ओझ्यात. आम्ही सिबिलकडे ऑनलाइन तक्रार टाकली. उत्तर आले की सभासद संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय आम्ही नोंद बदलू शकत नाही. सभासद संस्था म्हणजे कोण? जिने न विचारता फाइल उघडली तीच. तिला विचारणार, तू चुकलीस का? ती म्हणणार, नाही. खटला संपला. आमच्या पहिल्या तक्रारीचे असेच झाले. दुचाकीवाल्या कंपनीने लिहिले : "ग्राहकाची डिजिटल संमती घेतलेली आहे." एवढेच, खाली सही नाही.

तेव्हा आम्ही ठरवले की "मी अर्ज केला नाही" हे सिद्ध करत बसायचे नाही. न केलेली गोष्ट कशी सिद्ध करणार? उलट त्यांनाच विचारायचे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल लिहिला, कारण त्याचे नाव आणि पत्ता संकेतस्थळावर देणे कंपनीला बंधनकारक आहे. विचारले : अर्जाचा क्रमांक कोणता? तारीख आणि वेळ कोणती? ओटीपी कोणत्या मोबाइल क्रमांकावर गेला? अर्जासोबत कोणते ओळखपत्र जोडले होते, फोटो कोणाचा? अर्ज कोणत्या दलालामार्फत किंवा विक्रेत्यामार्फत आला? संमतीची नोंद पाठवा. पाठवता येत नसेल तर एन्क्वायरी मागे घ्या आणि चारही कंपन्यांना तसे कळवा. कलम २२ चा उल्लेख शेवटच्या ओळीत, आरडाओरडा न करता. त्याच मजकुराची तक्रार सिबिलवरही पुन्हा टाकली.

सव्विसाव्या दिवशी दुचाकीची नोंद गेली. कारण दिले नाही, माफीही मागितली नाही. ओटीपी दुसऱ्याच क्रमांकावर गेला होता असे फोनवर बोलणारी मुलगी चुकून बोलून गेली. बहुधा नावसाधर्म्य किंवा पॅनचे एखादे अक्षर चुकलेले. लेखी मात्र दिले नाही.

हे सव्वीस दिवस योगायोगाचे नाहीत. अशी तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची असते. त्यातले २१ दिवस बँकेला किंवा वित्त कंपनीला दुरुस्ती कळवण्यासाठी, बाकीचे सिबिलसारख्या कंपनीला. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकांनी ठरवले की ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची, ज्याच्याकडून उशीर झाला त्याने. विनंती नाकारली तर कारण कळवायचे. आणि आपला अहवाल कोणी उघडला की आपल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर सूचना यायला हवी, हेही त्यातच आहे. ती येत नसेल तर पुष्कळदा फाइलमध्ये आपला जुना बंद पडलेला नंबर असतो. दर सहा महिन्यांनी रिचार्जच्या ऑफरसाठी सिम बदलणाऱ्या आपल्या पोरांनी हे नीट ऐकावे. तुमच्या जुन्या नंबरवर आज कोण बोलतो आहे, माहीत आहे?

तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा "संमती घेतलेली आहे" असे एका ओळीचे उत्तर, तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. फी नाही, वकील नाही, तक्रार रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर टाकता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सप्टेंबर २०२२ पासून सिबिलसारख्या कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. हे महत्त्वाचे, कारण काही छोट्या वित्त कंपन्या त्या कक्षेत येत नाहीत. तेव्हा तक्रार दोघांवर करायची. सरकारी बँकेने फाइल उघडली असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही आहेच, आपल्याला तो लिहायला कोणी शिकवायला नको. आणि एन्क्वायरीच्या मागोमाग अनोळखी कर्जखाते उघडलेले दिसले तर वाट बघू नका. त्याच दिवशी १९३० वर फोन, सायबर पोलिसांकडे तक्रार, तिची प्रत कंपनीला. त्या कर्जाचा "एक हप्ता भरून टाका, मग बघू" असे वसुलीवाला म्हणेल. भरू नका. भरलात की तुम्ही कर्ज कबूल केले असे तो म्हणणार.

२०२२ मध्ये एका प्रसिद्ध सिने-अभिनेत्रीच्या पॅनवर दुसऱ्याच कोणी २००० रुपयांचे कर्ज घेतल्याचे उघड झाले. तिने समाजमाध्यमावर लिहिले, बातम्या झाल्या, आणि प्रकरण झटपट मिटले. तिचे झाले हे चांगलेच झाले. पण तिची नोंद पटकन निघू शकते, याचा अर्थ यंत्रणेला ते जमते. नांदेडच्या मुलीला "सभासद संस्थेचा दुजोरा" मागितला जातो.

या अडवणुकीवर आता एक नवा धंदा उभा राहिला आहे. "सिबिल दुरुस्त करून मिळेल, सात दिवसांत ७५० च्या वर" अशा पाट्या आपल्या वस्त्यांमध्येही लागल्या आहेत. एका पाटीवर तर निळा झेंडा आणि अशोकचक्र होते, "समाजबांधवांसाठी खास सवलत". आम्ही तिथे जाऊन आलो. पाच हजार रुपये, पॅन, आधार आणि "फोन इथं ठेवून जा, ओटीपी येतील" असे सांगितले. फोन ठेवून जा! खरी नोंद पैसे देऊन कोणालाही काढता येत नाही, आणि खोटी नोंद काढायला पैसे लागत नाहीत. मग हा माणूस पाच हजारांत काय करणार? निळ्या रंगाखाली आपल्याच माणसांना लुबाडणाऱ्यांची गय आम्ही करणार नाही, आणि त्यांना मंडळाच्या स्मरणिकेत जाहिरात देऊ देणाऱ्यांनीही थोडा विचार करावा.

आता चळवळीशी थोडे भांडण. बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'ला २०२३ मध्ये शंभर वर्षे झाली. बाबासाहेब जागतिक कीर्तीचे अर्थतज्ज्ञ, हे वाक्य प्रत्येक जयंतीला माइकवरून घुमते. पण त्या माइकसमोर बसलेल्या पाचशे तरुणांपैकी स्वतःचा पतअहवाल किती जणांनी पाहिला आहे? २०१७ पासून चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चार कंपन्या, म्हणजे दर तीन महिन्यांनी एक फुकट अहवाल. जातीच्या दाखल्यासाठी, पडताळणीसाठी आपण शिबिरे भरवली. तहसीलदाराशी भांडलो. हेही तसेच कागदाचे काम आहे, कंटाळवाणे, फोटोत न दिसणारे. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, आणि तळ्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ मध्ये. मधली दहा वर्षे बाबासाहेब कागद सांभाळत, तारखा लढवत होते. आपण फक्त पहिला दिवस साजरा करतो.

मागण्याही सरळ आहेत. फाइल उघडणाऱ्याने संमतीचा पुरावा सात दिवसांत द्यावा, नाही तर एन्क्वायरी आपोआप रद्द व्हावी. 'सिद्ध करा' हे ओझे ज्याच्याकडे सगळी नोंद आहे त्याच्यावर असावे. ओटीपीचा मेसेज मराठीत यावा आणि त्यात "ही कंपनी तुमची पतमाहिती बघणार आहे" हे पहिल्या ओळीत असावे. एका खरेदीसाठी चार अर्ज पाठवणाऱ्या विक्रेत्याच्या कंपनीला दंड बसावा. सरकारी बँकांच्या भरतीत वादातली नोंद, तक्रार प्रलंबित आहे तोवर, उमेदवाराविरुद्ध वापरू नये. आणि शैक्षणिक कर्ज? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की विद्यार्थ्याचा स्कोअर कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये. महाराष्ट्रातल्या किती शाखाधिकाऱ्यांच्या हे कानावर आहे, आणि किती विद्यार्थी संघटनांनी तो निकाल छापून त्यांच्या टेबलावर ठेवला?

त्या मुलाची दुसरी नोंद, वैयक्तिक कर्जाची, अजून तशीच आहे. कंपनीने दोनदा तेच एका ओळीचे उत्तर दिले. प्रकरण लोकपालाकडे आहे. मुख्य परीक्षा तो देऊन आला, निकालाची वाट बघतो आहे. लोकपालाच्या तक्रारीचा क्रमांक त्याने प्रवेशपत्राच्या मागे लिहून ठेवला आहे.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता वंदना झाल्यावर आम्ही विहारातच बसणार आहोत. येताना पॅन आणि स्वतःचा, चालू नंबर असलेला फोन आणा. आधारची झेरॉक्स आणू नका, लागत नाही. अहवाल तुमच्याच फोनवर तुम्हीच काढायचा, ओटीपी आम्हालाही सांगायचा नाही. आयाबहिणींनाही घेऊन या, गटाच्या कर्जांच्या नोंदी त्यांच्याच नावावर सर्वात जास्त आहेत. तक्रारीच्या मसुद्याच्या पन्नास प्रती काढून ठेवल्या आहेत.

जयभीम.